सात मतं, बाप एक

हसाल तुम्ही, पण माझं पहिलंच मत जन्मतारखेपायी जाणार होतं. भूमच्या अनाथाश्रमातून आम्ही सात पोरं एकदमच बाहेर पडलो, एकाच खोलीत राहिलो आणि एकदमच मतदारयादीत नावं द्यायला गेलो. कारकुनानं शाळेचे दाखले बघितले.

"सातही जणांचा बाप एकच, आणि जन्म एकाच सालच्या एक जूनचा? खोटी नावं हायत ही. काटतो."

आश्रमाचे गुरुजी सोबत होते. शाळेत घालताना बापाचं नाव त्यांनी स्वतःचं दिलेलं, तारीख हेडमास्तरांनी टाकलेली.

कारकुनानं विचारलं, "गुरुजी, तुमचं लग्न कधी झालं?"

"न्हाय झालं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण पोरं माझीच हायत. लिहा."

नावं राहिली. पुढं गुरुजीच पंचायतीला उभे राहिले. खोलीवर आले, चहा घेता घेता म्हणाले, "ही सात मतं तर घरचीच."

म्या म्हणलं, "गुरुजी, गल्लीतल्या आडाला रहाट कधी बसवणार, ते आधी सांगा. मग बघू."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "त्या दिवशी नावं काटू द्यायला पाहिजे होती," म्हणाले, आणि नीट मांडी घालून सांगायला बसले.