आर्डिथच्या ट्रेलरभोवती चार खांब

— अहो, तिकडे नाही! मागे सरका! त्या फळ्यांखाली खाण आहे, सरळ पाताळात जाल, मग तुमची ती घरगाडी चालवणार कोण — मी? पंख्यापासून संडासापर्यंत सगळं गाडीत घेऊन फिरता आणि येता कशाला, तर मोडकी घरं बघायला! या, बसा सावलीला. तुरुंगाचा फोटो काढलात ना? मग झालं गाव बघून. सोनं? सोनं कुठलं, चांदी होती इथे. माझ्या बापाच्या वेळी संपली, लोक गेले, मी राहिलो. का म्हणजे? इथे भांडायला कोणी नाही, हाच फायदा. म्हणजे — एक आहे. आर्डिथ. खाली हिरव्या ट्रेलरात राहते, त्या चाकांवरच्या घरात. सगळ्या गावात आम्ही दोघंच. तोंड म्हणजे नुसता सुरुंग! माझ्या घेवड्यात मीठ जास्त, माझी टोपी घाण, माझं गाढव तिचे टोमॅटो खातं — आता ते गाढव रानातलं, रोज माझ्या दारात येतं म्हणून माझं झालं का? पण संध्याकाळी येतेच, न चुकता, भांडायला. यायची म्हणजे. आज चाललीय ती रीनो शहरात, बहिणीकडे, कायमची. जाऊ दे की! मला काय?

माझ्यामुळे? कोण म्हणालं? — हां, येताना तिच्याकडे थांबला होतात वाटतं, कॉफी पाजून सगळं सांगितलं असेल. बरं, आता माझं ऐका आणि सांगा चूक कुणाची. आमच्या खाणवाल्यांत रीत आहे — जी जागा हवी तिच्या चार कोपऱ्यांना खांब ठोकायचे, एका खांबाशी दगड रचायचे. बोलायचं काही नाही. बघणाऱ्याला कळतं, या माणसाला ही जागा हवीय, आता हा सोडत नाही. तर मी काय केलं — ती सामान आणायला गेली तेव्हा तिच्या ट्रेलरभोवती चार खांब ठोकले. पांढरा रंग दिला, दोनदा. हसू नका! यात न कळण्यासारखं काय आहे? तिचा बाप खाणवाला, आजा खाणवाला! आणि ही बाई काय समजली — म्हातारा जमीन बळकावतोय! बंदूक घेऊन आली दारात. "चोरट्या, माझ्या घराखालची चांदी हवी काय तुला?" अहो, या वयात चांदी घेऊन मी काय दात करू?

सरळ सांगायचं? वा! फुलं देऊन? इथे काय निवडुंग देऊ? सांगणारच होतो, पण समोर बंदुकीची नळी, आणि तोंडातून निघालं काय, तर — "खांब माझे आहेत, हात लावायचा नाही." झालं. तेव्हापासून फिरकली नाही. आता मीठ कमी घालतो घेवड्यात, पण नावं ठेवायला कोणी नसलं की चवच — हे कुठे बोलू नका हं.

ती बघा धूळ. तीच. गाडीच्या मागे ट्रेलर जोडलाय. कशी चालवते बघा, रस्ता जसा हिच्या बापाचा! जाऊ दे. मी हातसुद्धा करणार नाही. — थांबली का? काच खाली करतेय. काय म्हणतेय? — पाण्याची टाकी घासून घे म्हणते, किडे होतील! जाता जाता टाकी आठवली बाईला! मी मरेन इथे, आणि ही — आर्डिथ! ए आर्डिथ! बंद कर ते धूड! जमीन नकोय मला, जमीन गेली खड्ड्यात! तू हवीस! तू, तू! आलं का ऐकू, की अजून ओरडू?

...इंजिन बंद केलं तिने.

तुम्ही कशाला थांबलात अजून? गाव बघून झालं ना? निघा!