कागदावर पूर्ण झालेली इंटर्नशिप

मुलगी : काका, पुन्हा एकदा नीट बघा ना. मी त्या वर्कशॉपचा उंबरठासुद्धा ओलांडलेला नाही, आणि तुम्ही म्हणताय माझी इंटर्नशिप पूर्ण झाली?

काका : मी नाही म्हणत, कॉम्प्युटर म्हणतोय. हे बघ. तुझं नाव, रोल नंबर, कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप, तीन महिने, शेरा 'पूर्ण'. एकदा 'पूर्ण' पडलं की नवीन पत्र निघत नाही.

मुलगी : पण हे भरलं कोणी?

काका : आता कोणी म्हणजे... या संशोधन विभागात टायपिंग करणारा दुसरा आहे कोण?

मुलगी : तुम्ही?

काका : अगं, तुझा अर्ज आला जानेवारीत. वार्षिक अहवाल जातो फेब्रुवारीत. आमची पद्धतच आहे, अर्ज आला की 'पूर्ण' लिहून टाकायचं. पुढेमागे मुलं जातातच. मग तीच फाइल दोनदा कोण उघडत बसणार?

मुलगी : म्हणजे मूल जन्मायच्या आधीच बारसं उरकलंत!

काका : चिडू नकोस गं. यातलं चांगलं बघ ना. तुझं सर्टिफिकेट तयार आहे, सही-शिक्क्यासकट. घे आणि घरी जा. तीन महिने राबणं वाचलं.

मुलगी : मला सर्टिफिकेट नकोय, पत्र हवंय. वर्कशॉपच्या मास्तरांनी काल स्पष्ट सांगितलं, विद्यापीठाच्या अपघात विम्याचं पत्र आणल्याशिवाय त्यांच्या मशीनला हात लावायचा नाही. वर्षाला ते एकच विद्यार्थी घेतात. सहा वाजेपर्यंत पत्र पोचलं नाही तर ती जागा दुसऱ्याला. आता किती वाजले?

काका : सव्वाचार.

मुलगी : आणि तुम्ही मला सर्टिफिकेट देताय.

काका : दुसऱ्या वर्कशॉपमध्ये जा की. मास्तर काय एकटाच आहे का जगात?

मुलगी : लहान मुलांचे पाय बनवणारा एकटाच आहे. माझी भाची सहा वर्षांची आहे, काका, तिला एक पाय नाही. मूल वाढतं, बसवलेला पाय वाढत नाही. दरवर्षी आखूड होतो, मग ती महिनोन् महिने लंगडत चालते. कारण पुढच्या पायासाठी नंबर लावावा लागतो. मला उंची वाढवता येणारा पाय करायचाय. दोन करून बघितले, दोन्ही सांध्यात तडकले. का तडकले ते मला कळत नाही. त्या माणसाला कळतं.

काका : पण त्याच पायाला तर आपल्या उद्योजकता शिबिरात पहिलं बक्षीस मिळालं ना? फोटो काढला होता मी.

मुलगी : बक्षीस स्लाइडला मिळालं! तीन दिवस तुम्ही आम्हाला गुंतवणूकदारासमोर कसं उभं राहायचं ते शिकवलंत. पायाच्या सांध्याला भोक कसं पाडायचं ते कोणी शिकवलं नाही.

(विभागप्रमुख मॅडम केबिनमधून बाहेर येतात.)

मॅडम : काय आरडाओरडा चाललाय? उद्या विभागाची तपासणी करायला समिती येणार, मी आत प्रेझेंटेशन करतेय आणि बाहेर मासळीबाजार!

काका : मॅडम, ही ती पायवाली. हिला इंटर्नशिपला जायचंय.

मॅडम : मग द्या की पत्र. दोन ओळींचं तर असतं.

काका : अहवालात ती जाऊन आलीय.

मॅडम : कधी?

काका : कधीच नाही.

मॅडम : मला समजेल असं बोला.

काका : अर्ज आले की 'पूर्ण' लिहायचं, हे आधीच्या साहेबांनी घालून दिलंय. तुम्ही आल्यावर काही बोलला नाहीत, म्हणून चालू राहिलं. खाली सही तुमचीच आहे.

मॅडम : माझी? थांबा. अहवालात एक्केचाळीस मुलं आहेत. त्यातली खरंच किती गेली?

काका : अकरा.

मॅडम : अकरा! आणि हे तुम्ही मला आज सांगताय?

काका : तुम्ही आज विचारलंत.

मुलगी : मॅडम, न गेलेल्या बाकीच्या एकोणतीस जणांचं तुम्ही नंतर बघा. माझा एकटीचा शेरा खोडा आणि पत्र द्या. मला इथून तिथे पोचायला पाऊण तास लागतो.

मॅडम : अगं, आज खोडला तर दुरुस्तीची तारीख आजचीच पडते. समिती येण्याच्या आदल्या दिवशी! एक खोडलेलं दिसलं की ते उरलेले चाळीस उकरतील. हा विभाग उभा करायला मी चार वर्षं भांडलेय. या दोन खोल्या, ते थ्रीडी प्रिंटर, सगळं भांडून मिळवलंय. उद्या आकडा खोटा निघाला तर विभागालाच टाळं. मग पुढच्या मुलांनी जायचं कुठे?

मुलगी : आत्ताची मुलं तरी कुठे जातायत?

काका : ए, मोठ्यांशी असं बोलू नये.

मॅडम : बोलू दे तिला. बरोबरच बोलतेय, म्हणून झोंबतंय. हे बघ, आपण मधला मार्ग काढू. समितीला दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलायचंय. तू छान बोलतेस, शिबिरात ऐकलंय मी. उद्या दोन मिनिटं बोल, वर्कशॉपला जाऊन आले, खूप शिकायला मिळालं. विम्याचं पत्र मी हाताने लिहून आत्ता देते. शेरा पुढच्या आठवड्यात बदलू.

मुलगी : म्हणजे जायला मिळावं म्हणून आधी जाऊन आले म्हणायचं.

मॅडम : दोनच मिनिटं गं.

मुलगी : आणि समितीतल्या कोणी विचारलं, काय शिकलीस, तर?

मॅडम : सांग काहीतरी. टीमवर्क, शिस्त, प्रत्यक्ष अनुभव.

मुलगी : आणि एखाद्याने तिथे काचेच्या कपाटात ठेवलेला माझा तडकलेला पाय उचलून हातात दिला, म्हणाला, हा का तडकला ते सांग, तर?

मॅडम : एवढं खोलात कोणी जात नाही गं.

मुलगी : मला रडू येतंय, पण मी रडणार नाही. मॅडम, मला खरंच राग आलाय. मी दीड वर्ष या ऑफिसच्या चकरा मारतेय. प्रत्येक वेळी माझा फोटो काढलात, माझा पाय काचेत ठेवलात. तो कोणाच्या पायात बसेल का, हे एकदाही कोणी विचारलं नाही. ठेवा तुमचं पत्र. मी खोटं बोलून तिथे गेले तर त्या माणसाला तोंड कसं दाखवू?

काका : थांब. बस त्या खुर्चीत. मॅडम, हा शेरा मी खोडतोय.

मॅडम : उद्या समिती आहे, काका.

काका : माहितीये. दुरुस्तीच्या कारणात लिहितो, 'लिपिकाची चूक'. लिपिक मीच. चूक माझ्याच हातची आहे, ते काही खोटं नाही.

मॅडम : आणि बाकीचे एकोणतीस?

काका : त्यांचं तुम्ही रात्रभर विचार करून ठरवा. ही पोरगी समोर उभी आहे, हिचं आत्ता करू. दुरुस्तीवर आणि पत्रावर सही तुम्हालाच करावी लागेल पण.

मॅडम : ...आणा इकडे. आणि हे बघ मुली, उद्या मला तुझ्याबद्दल विचारलं तर मी काय सांगायचं?

मुलगी : गेली म्हणून सांगा. ते खरं असेल.

मॅडम : पेन कुठंय? घे. शिक्का मारा, काका, नीट मारा, अर्धा उमटवू नका. पळ आता. साडेचार वाजून गेले.

काका : अगं, आधी फोन करून सांग त्यांना, नाहीतर जागा देऊन टाकतील.

मुलगी : हॅलो, मास्तर? मी बोलतेय, विद्यापीठातून. पत्र मिळालं, निघालेच. हो, सहाच्या आत. काय म्हणालात? काम येतं का? नाही, मास्तर. मला अजून काहीच येत नाही.