डाव्या बाजूचं मडगार्ड

हॅलो?… हां ताई, बोल… येतंय, ऐकू येतंय… थांब जरा, हाताला ग्रीस लागलंय, फोन खांद्यात धरते… हां, बोल आता.

… कुठला फोटो? ग्रुपवरचा?… हो, आपलीच गाडी. डाव्या बाजूचं मडगार्ड काढलंय ना, म्हणून तशी दिसतेय, दात पडल्यासारखी… नाही गं, मीच काढलं. एक बोल्ट गंजून मोडला, बाकीचे निघाले.

… भंगारात कशाला? चालू झालीय ती… व्हय, खरंच. एकोणीस वर्षांनी. कार्बोरेटर सोडवला, जुन्या कढईत पेट्रोल घेऊन धुतला… स्वयंपाकाची नाही गं कढई, ती फुटकी. मग प्लगच्या वायरी माझ्याकडून उलट्या लागल्या, दोन दिवस नुसती खोकत होती. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला तेव्हा कुठं जमलं. कंपनीतलं काँट्रॅक्ट संपल्यापासून मला दुसरं होतं काय करायला? पॉवर विंडो बसवायच्या, मागं कॅमेरा, मागच्या सीटला बेल्ट, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं…

… हो, 'होतं' म्हणाले. त्याचंच सांगायचंय तुला.

… ताई, ऐक ना. बाळ झोपलंय का?… मग खाली बस कुठंतरी. नाही, आबा ठीक आहेत. तब्येत ठीक आहे. आत बसलेत खुर्चीवर… तू बस आधी… बसलीस?

खरं सांगू? तो फोटो मी मुद्दाम टाकला. दोन दिवस झाले तुझा नंबर काढते अन् परत ठेवते. म्हटलं फोटो पाहून तूच करशील.

… नाही, मध्ये बोलू नको. मी सांगते तिथवर ऐक, मग बोल.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा इंजिन लागलं ना, तेव्हा आबा दारात उभे होते चहा घेऊन. मला वाटलं खूश होतील. त्यांनी चहा तसाच उंबऱ्यावर ठेवला अन् आत जाऊन दार लावून घेतलं. मी म्हटलं आईची आठवण आली असेल… हो ना, आईला लई हौस होती गाडीची.

तुला आठवतं, आबा पत्र्याखाली जाऊन गाडीवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या आवळायचे? वारा नसला तरी. अंगणातून जाता-येता. आपण हसायचो, आबांची गाडी पळून जाईल म्हणून… आठवतं ना.

… तर मंगळवारी मी मडगार्डचा रंग घासायला घेतला. घासते, घासते, पत्रा लागेचना. नुसती पुट्टी, खड्डे बुजवतात ती. बोटभर जाडीची. मग मडगार्डच सोडवलं अन् उलटं करून पाहिलं, तर आतून पत्रा फाटलेला, अन् त्या फटीत पुट्टी कोंबलेली. अंगठ्यानं. ताई, अंगठ्याचे ठसे होते त्याच्यात. वाळून दगड झालेले.

… हं. ऐकतेयस ना?

मला वाटलं कुठं तरी खांबाला घासली असेल. दुसऱ्या दिवशी ते मडगार्ड रिक्षात घातलं अन् छावणीत गयासभाईंकडं नेलं… तू नाही ओळखत. जुने डेंटर आहेत, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचे, आता नजर गेली म्हणून नुसते जुने पार्ट विकतात. मी नवीन आहे म्हणून मला न कंटाळता समजावून सांगतात. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. दोनदा फिरवला. म्हणाले, बेटा, खंबा ऐसा नहीं मारता. खांबानं पत्रा सरळ दुमडतो. हा खोलगट आहे. काहीतरी मऊ होतं, अन् वजनदार. मग म्हणाले, हे पुट्टीचं काम कुठल्या डेंटरचं नाही, शिकाऊ हात आहे. घरी बसून केलंय, घाईत.

… घरी कोण करणार ताई? आपल्या घरी होतं कोण?

… हो. मी घरी आल्यावर आबांच्या पुढ्यात ठेवलं ते. काही विचारलंही नाही. नुसतं जमिनीवर ठेवलं.  आबांनी आपला अंगठा त्या ठशात ठेवला.

… ताई?… आहेस ना?… बरं. पाणी पी. मी थांबते.

… हां. तर ते म्हणाले, सिल्लोडहून येत होतो. मामाच्या घराची वास्तुशांती होती. तुझी आई अन् तू, म्हणजे मी, तिथंच मुक्कामाला राहिलो होतो, आबांना दुसऱ्या दिवशी शाळेत ड्यूटी होती म्हणून ते निघाले. दिवस बुडलेला. रस्त्याच्या कडेनं मेंढरं चालली होती, अन् शेवटी…

… माहीत आहे? मग मी नको सांगू का?… बरं. सांगते. सगळं सांगते.

त्यांनी सांगितलं, आवाज झाला अन् मी म्हणालो, मेंढी लागली. मोठ्यानं म्हणालो, गाडीतल्या गाडीत. अन् थांबलो नाही. मी विचारलं, आबा, तुम्हाला खरंच वाटलं मेंढी आहे? तर म्हणाले, माझा बाप मेंढरामागं चालला, मी मेंढरात वाढलो, मला आवाजावरून कळणार नाही व्हय? सकाळी उजाडल्यावर पाहिलं, तर फाटलेल्या पत्र्यात घोंगडीची दशी अडकलेली. म्हणाले, मेंढीच्या अंगावर घोंगडी नसती पोरी.

… हो. असंच म्हणाले. शांतपणे. जसं काही रोज म्हणत असावेत मनात.

… का नाही गेले परत? तेच विचारलं मी. नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, पोरी लहान आहेत. पहिले आठ दिवस फाटकाची कडी वाजली की मागच्या दारी जाऊन उभे राहायचे म्हणे. मग कुणी आलं नाही. कुणी आलं नाही याचीच जास्त भीती वाटायला लागली. मेला का जगला, तेच कळेना. पेपरमध्ये शोधायचे. म्हणून सगळ्यांना सांगितलं इंजिन गेलं, अन् गाडी झाकून टाकली. विकली असती तर घेणाऱ्यानं पुट्टी पाहिली असती.

… आईला? नाही, आईला नव्हतं सांगितलं. ते म्हणतात, तिनं विचारलं नाही. आता खरं काय ते तिलाच ठाऊक.

… मी काय म्हणणार? एक दिवस नुसती भाकरी वाढायची अन् बाहेर गाडीपाशी जाऊन बसायची. अन् गाडीत बसवेना. गेले चार महिने जिच्या पोटात डोकं घालून बसले, तिला हात लावायची भीती वाटायला लागली. तिन्हीसांजेला त्या मडगार्डच्या जागी नुसता काळा खड्डा दिसतो… हो, तेच. फोटोत दिसतो तोच.

शुक्रवारी रात्री… नाही, जेवणाआधी, म्हटलं, आबा, उद्या आपण जाऊ.  सकाळी पाहते तर टोपी घालून पायरीवर बसलेले.

… एसटीनं. त्या रस्त्यावर ते एकोणीस वर्षांनी गेले ताई. मामा गेला तेव्हासुद्धा पाय दुखतो म्हणाले होते, आठवतं? फुलंब्री गेल्यावर खिडकीचा दांडा धरला तो सोडलाच नाही. रस्ता आता एवढा रुंद झालाय, जुनी झाडं राहिली नाहीत, पण एका ओढ्यावरच्या मोरीपाशी उठून उभे राहिले. म्हणाले, इथं. कंडक्टर थांबवेना, पुढच्या फाट्यावर उतरलो अन् मागं चालत आलो.

चहाच्या टपरीवर मी त्या अपघाताचं विचारलं. टपरीवाला म्हणाला, धोंडिबा का? लंगडा धोंडिबा?

… हो. जगला होता.

… ताई, रड. रड तू. मी आहे.

… जगला होता गं. दुधाच्या गाडीवाल्यानं पाहिलं अन् घाटी दवाखान्यात नेऊन टाकलं. पाय गुडघ्याखाली गेला. मग मेंढरामागं कोण चालणार? कळप विकला. सिल्लोडला एका कापसाच्या जिनिंगवर वॉचमन होता पुढं. पाच वर्षांपूर्वी वारला, काविळीनं… नाही, त्याचा-याचा संबंध नाही. पण मेंढरं गेल्यावर माणूस बोलायचाच कमी झाला, असं त्याची बायको म्हणाली. भामाबाई नाव तिचं.

… भेटली ना. ओट्यावर मका सोलत बसली होती. आबा तिच्या समोर जमिनीवर बसले. मी बाजूला. आबांनी आधी नाव सांगितलं, मी बिभीषण, हर्सूलला राहतो. मग सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. दशीचंही सांगितलं. अन् ती मका सोलतच होती ताई. एक कणीस झालं की दुसरं. मला वाटलं तिला ऐकू येत नाही की काय.

… शिव्या? नाही. एक शब्द नाही. मला वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबांचं संपल्यावर तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. तेवढ्यापुरतं. अन् एकच विचारलं.

… सांगते. थांब… हे तुला सांगू का नको, यातच माझे दोन दिवस गेले.

तिनं विचारलं, गाडीत लेकरू व्हतं का?

… ताई.

… ताई, बोल काहीतरी.

… हो. आबांनी सांगितलं. माझी थोरली व्हती, म्हणाले. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मला वाटलं ते एकटेच होते. … तू त्यांच्यासोबत कशी आलीस?… शाळेची परीक्षा होती. हां. चौथीची.

… धोंडिबानं पाहिलं होतं तुला. तो पडला होता ना, तिथून. भामाबाई म्हणाली, म्हातारा नेहमी सांगायचा, मागच्या काचेला एक पोरगी व्हती, तोंड काचेला लावून. लांब जाईपर्यंत बघत व्हती. म्हणायचा, गाडीवाल्याला दिसलं नसंल, पण त्या पोरीनं पाह्यलं. ती घरी जाऊन सांगंल. कुणीतरी यील… दवाखान्यात वाट बघायचा म्हणे. दाराकडं तोंड करून झोपायचा.

… नाही, नाही. ताई, तुला दोष नाही देत कुणी. तीही नाही देत. ती म्हणाली, लेकराचं काय, ते घाबरलं असंल. आता केवढी असंल ती पोरगी? मी सांगितलं, अठ्ठावीस वर्षांची आहे, तिला बाळ आहे. तर भामाबाई म्हणाली, तिला आणा. म्हाताऱ्याला सांगायचं राहिलं, मला तरी बघू द्या.

… काय? परत बोल, नीट ऐकू आलं नाही… रडून घे, मग बोल, घाई नाही…

… तू सांगितलं होतंस?… कुणाला?… गाडीतच?… 'आबा, माणूस आहे तो.'… दोनदा?

… मग आबा काय म्हणाले?… काहीच नाही. नुसतं पुढं बघत होते… काचा खाली होत्या… हो, आवाज येतो लई त्या गाडीत वाऱ्याचा, खरंय…

… म्हणजे तुला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. म्हणून तू… मोठ्यानं का नाही ओरडले, म्हणून… एवढी वर्षं, ताई? लग्नात, बाळंतपणात, माझ्याशेजारी त्या खोलीत झोपायचीस तेव्हा… एकदा तरी मला उठवायचं होतंस.

… मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी उगाच काही सांगून तुझी समजूत नाही घालणार. त्यांनाच विचार.

… आत्ता. आता नाही तर कधी? ऐक, भामाबाईनं रविवारी बोलावलंय. तिचे दोन्ही मुलगे घरी असतील, त्यांच्यासमोर सांगा म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. मुलगे म्हणतील तसं पुढं. पोलीस ठाण्यात जायचं तर तेही. आबा तयार आहेत. त्यांनी कपडे काढून ठेवलेत धुवून.

… गाडीनं? नाही गं. एसटीनंच. गाडी मी उचकटून ठेवलीय तशीच राहू दे म्हणालेत, कुणाला बघायची असली तर बघू दे. पुट्टीला हात लावू नको म्हणाले.

… देऊ का मग?… देते. घाबरू नको… तेही घाबरलेत. तुझं नाव फोनवर दिसलं तेव्हापासून दाराआडून बघतायत…

आबा… ताई आहे… नाही, मी काय बोलू, तुम्ही बोला… धरा. सरळ धरा. मी अंगणात आहे.

…

… हां… शालू…

… बरा हाय… जेवलो, व्हय…

… समदं सांगितलं का तिनं?… हां…

… न्हाई बाळा. तू कशापायी माफी मागतीस? नऊ वर्सांची व्हतीस तू. मी चव्वेचाळीस…

… येतीस?… लेकराला घेऊन? दगदग हुईल… बरं. मी स्टँडवर येतो… न्हाई, येतोच…

… काय?… विचार की… विचार, ऐकतोय मी…

…

… व्हय.

… ऐकलं व्हतं…

… दोन्ही बारीला ऐकलं व्हतं, बाळा.

… शालू?… हॅलो?… शालू… हॅलो…