माझ्या भट्टीचा जाळ

माझं माहेर आरोंद्याला, खाडीपलीकडे, होडीत बसून नवरी आले ती पेडण्यात, आणि आजपर्यंत इथेच. घोव डिचोलीच्या खाणीवर ट्रक हाकायचा, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा, मग डोंगरावरची सासऱ्याची काजूची भट्टी कोण बघणार, मीच. बायकांनी दारू गाळू नये म्हणणारे पुष्कळ होते, बाटल्या घेऊन पहिले दारात तेच यायचे.

काय सांगू तुम्हाला, ते विमान पडलं तेव्हा गोव्याला नुकतंच राज्य मिळालं होतं. मे सरत आलेला, भर दुपारी काळोख, ढग डोंगरावर असे टेकलेले की समोरचा माड दिसेना, विजा चालल्यात आणि मी झावळ्यांच्या माटवाखाली भट्टीचा जाळ सारतेय, शेवटचा रस होता, टाकून कशी येऊ. डोक्यावर घरघर ऐकली, अगदी झाडांना घासून जात असल्यासारखी, मग मोठा आवाज, मग कायच नाही. धावले. लहानसं विमान, माथ्याच्या कातळावर, आत एकटाच होता, तरणा पोरगा, गेलेला. माझं फडकं त्याच्या तोंडावर घातलं आणि माणसं वर येईपर्यंत बसून राहिले, एकट्याला कसं सोडायचं त्याला.

मग गावात सुरू झालं. म्हणे विमानवाला हिच्या जाळाला फसला, खाली वस्ती आहे समजून उतरला. हे काढलं देवळाच्या मानकऱ्याने, त्याला भट्टीची जागा जावयासाठी हवी होती. तेव्हा भाषेच्या भांडणात गावात कोकणीवाले एका बाकावर आणि मराठीवाले दुसऱ्या, एकमेकांकडे बघत नसत, पण माझी भट्टी मोडायची म्हटल्यावर दोन्ही बाकं एक झाली. देवळात गाऱ्हाणं घातलं. मी देवासमोर उभी राहिले, म्हटलं, भट्टीवर माटव, माटवावर ढग, वरून काय दिसणार होतं त्याला, माझं डोंबल? घोव म्हणाला, गप रव गो, एक वरस सोड. मी म्हटलं, एक वरस सोडली तर मीच मारला असं होतं, सोडणार नाय.

पुढच्या हंगामात भट्टी पेटलेली, आणि मानकरी एका बाईला घेऊन वर आला. विमानवाल्याची आई, घाटावरची. हीच ती, म्हणून तिला आधीच सांगितलेलं. मी कंबर कसून उभी, ही शिव्या घालील, मीही ऐकून घेणार नाही. ती भांडलीच नाही. जाळासमोर बसली आणि म्हणाली, ताई, खरं सांगा, माझ्या मुलाला शेवटी हा उजेड दिसला असेल ना हो, की नुसते ढगच?

वर्षभर साऱ्या गावाशी जे भांडले ते मी तिथल्या तिथे सोडलं. म्हटलं, दिसला बाई, दिसला असणार, मी इथेच होते. तिने माझा हात धरला आणि रडली, मीही रडले.

मानकरी उतरला आणि तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं, हिने कबूल केलं. केलं तर केलं. परत देवळात बोलावलं, गेले, त्या आईला दिलेला शब्द मागे घेतला नाही आणि भट्टीही मोडली नाही. म्हटलं, तुमका काय करूचा ता करा.

आता घोव गेला, मी म्हातारी, काजूचे बोंडू मुलगा तुडवतो, जाळ अजून मीच सारते. आजही कोणीतरी विचारतं, तुझ्या जाळाने पडलं ना गो विमान? मी सांगते, त्याच्या आईने विचारलं तेव्हा जाळ दिसत होता, तू विचारतोस तर वर माटव होता. तुम्ही लिहिताय तर दोन्ही लिहा. ती आई असेल तिथे देव तिला सुखात ठेवो. भट्टी यंदाही पेटणार.