काचेतली दुसरी मुलगी

(अनाथाश्रमाचं तळघर. फोटो धुण्याची खोली, लाल दिवा. वेळ दुपारची.)

फोटोकाका : सुरी खाली ठेव आधी. मग बोलू.

मुलगी : आधी हो म्हणा.

फोटोकाका : कशाला हो म्हणू? आणि दाराला आतून कडी का घातलीस?

मुलगी : चार वाजता ते दोघं मला दत्तक न्यायला येणार. त्याआधी माझ्या गालावरचा डाग काढा. फोटोत काढलात तसा.

फोटोकाका : अगं वेडे, ती फोटोची काच असते, निगेटिव्ह! हे तोंड आहे.

मुलगी : मी ओरडणार नाही. फडकं दातांत धरते.

फोटोकाका : अरे देवा. दे ती इकडे. दे म्हणतो ना! हं, ही गेली खणात.

मुलगी : मग डाग कसा काढणार?

फोटोकाका : सुरीनं नाही निघत तो! म्हाताऱ्याला असं घाबरवतात होय?

मुलगी : काका, ती कुठेय?

फोटोकाका : कोण?

मुलगी : फोटोतली. माझाच फ्रॉक घातलेली, स्वच्छ गालाची. ते तिलाच न्यायला येतायत. मुली म्हणतात, तुम्ही तिला त्या कपाटात कोंडलंय. मघाशी आतून वाजलं.

फोटोकाका : उंदीर असेल.

मुलगी : मागच्या वेळी त्या बाईही फोटोतल्या तिलाच बघून आल्या होत्या.

फोटोकाका : त्या शिंपीणबाई? त्यांचं तर मन बदललं. आश्रमाच्या मोठ्या बाईच म्हणाल्या मला.

मुलगी : दारातच किंचाळल्या त्या. फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला न् म्हणाल्या, “ही भाजली का कुठे?” पायरीवरूनच गेल्या परत. तेव्हापासून सगळ्या मला अर्धी म्हणतात.

फोटोकाका : मला कुणी सांगितलं नाही गं.

मुलगी : तुम्ही विचारलंत?

फोटोकाका : नाही.

मुलगी : मग का काढलात डाग?

फोटोकाका : चाळीस वर्षं लग्नाच्या मुलींचे फोटो काढले. कुणाचे व्रण, कुणाची चामखीळ. काच समोर आली की हात आपला पेन्सिल उचलतो. तुझ्या वेळीही फिरला. मी बघितलंसुद्धा नाही, काय पुसतोय ते.

मुलगी : आज हेही किंचाळतील.

फोटोकाका : किती वाजले? साडेतीन. पेन्सिलच आहे ती, टर्पेंटाइननं निघते. ते कपाट उघड.

मुलगी : मी नाही!

फोटोकाका : बरं, मी उघडतो. तो बघ उंदीर, गेला. आणि ही तुझी काच.

मुलगी : ई! तोंड काळं, केस पांढरे!

फोटोकाका : काचेवर सगळं उलटं. मोठ्या बाईंची बघशील तर हडळ बरी म्हणशील. हं, हा टर्पेंटाइनचा कापूस. गालावरून फिरव. तूच.

मुलगी : दुखेल तिला?

फोटोकाका : नाही.

मुलगी : काका, भोक पडलं!

फोटोकाका : भोक नव्हे. तुझा डाग गडद, म्हणून तिथे काच कोरी राहते.

मुलगी : यातून तुम्ही दिसताय.

फोटोकाका : आता काच कागदावर, वरून दिवा. एक, दोन, तीन. टाक कागद औषधाच्या तबकात, हलवत राहा.

मुलगी : फ्रॉक आला. डोळे आले. काका... डाग येतोय.

फोटोकाका : येऊ दे.

मुलगी : शू! चाव्या वाजतायत. मोठ्या बाई!

मोठ्या बाई : दार उघडा! लवकर आलेत ते. पोर आहे का तिथे?

फोटोकाका : आहे. फोटो धुतोय तिचा.

मोठ्या बाई : आता कसला फोटो?

फोटोकाका : पहिला खोटा होता. खरा मी नेऊन दाखवतो.

मोठ्या बाई : अवदसा आठवली का तुम्हाला? निघून जातील ते!

फोटोकाका : मग कागद बघून जाऊ देत. पोरीला बघून नको.

मोठ्या बाई : तुमचं तुम्ही बघा. मी नाही येत मध्ये.

मुलगी : मला एकटीला ठेवून चाललात?

फोटोकाका : तू ही काच सांभाळ. ते गेले, तर मी एकटाच खाली येईन.

मुलगी : आणि नाही गेले तर?

फोटोकाका : तर ऐकू येईलच तुला.

(फोटोकाका कडी काढून ओला फोटो घेऊन वर जातात; मुलगी काच उराशी धरते.)

मुलगी : ए, काचेतली. घाबरू नको हं. मी धरलंय तुला.

मुलगी : कुणी ओरडलं नाही अजून.

मुलगी : ऐक, जिना वाजतोय. ही काकांची फटफट चप्पल.

मुलगी : चाव्या नाही वाजत. पण पावलं जास्त आहेत.