पाल्याचा वास

माझं माहेर लिंबागणेशच्या पलीकडचं, डोंगरातलं, आन् दिलं बी मला डोंगरातच. सीताफळाची झाडं इतकी की कुनी लावली न्हाईत, कुनी पानी घातलं न्हाई, आपली उगवत्यात. दसरा झाला की मालकाच्या, मंजी नवऱ्याच्या मागं ऊस तोडायला जायचं, मोळ्या उचलायच्या, पाडव्याला माघारी यायचं, असं सारं आयुष्य. शाळा न्हाई बगा. पर जनावराच्या जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरायचा, हे मायनं शिकवलं, गावातले लोक त्याला मलाच बोलवायचे.

काय सांगू तुमाला ताई. उसात असतानाच छातीला गाठ लागली, डाव्या अंगाला. दुखत नव्हती. दुखली असती तर बोलले असते, मंजी बोलले असते का न्हाई देव जाने. तसल्या जागचं कुनाला दाखवायचं? डाक्तर बाप्या मानूस. मालकाला सुदिक सांगितलं न्हाई. लेकाचं लग्न जमत आलं व्हतं, लोक म्हनतील हिच्या घरात तसला रोग हाय.

उसावरून माघारी आल्यावर, श्रावणात, शाहीन आली. बीडच्या फळवाल्याची पोरगी, कालेजात सीताफळाच्या पाल्यावर शिकती, कशाला, तर त्यातून क्यान्सरवर औषध निघतंय का बघायला. मला म्हनली, मावशी, पाला तोडू लागा, कोवळा येगळा, जून येगळा. मी इचारलं, कसं बघता गं? तर म्हनली, काचेच्या ताटलीत त्या रोगाच्या पेशी वाढवतो, पाल्याचा अर्क टाकतो, काही मरतात. पर मावशी, ताटलीत मेल्या मंजी मानसात मरतील असं न्हाई, मानसाला इजा बी व्हईल, अजून लई वर्सं जायची. ती सरळ सांगत व्हती, आन् मी ‘मरतात’ एवढंच ऐकून घेतलं.

त्याच सांजेपासून पाला वाटून गाठीवर बांधायला लागले, झंपरच्या आत, वरून फडकं. आग आग व्हायची, कातडं सोललं, मला वाटायचं गुन यायलाय. शाहीनला आडून आडून इचारायची, समजा कुनाला झालं तर? ती म्हनायची, तर आधी दवाखाना मावशी, पाला न्हाई. मी मान हलवायची. अशी मी.

महालक्ष्म्यांना तिला जेवायला बोलवलं. त्या दिशी डोंगरात कुनी गेलं नव्हतं, मी न्हाऊन नवी साडी नेसलेली, पोळी वाढायला वाकले, आन् पोरगी हात थांबवून माझ्याकडं बघायला लागली. पाल्याचा वास लई उग्र, ती दिसभर त्यातच ऱ्हाती, तिला कळायचंच. आतल्या खोलीत नेलं, म्हनली, मावशी, पाला कुठं लावला? मी म्हनलं म्हशीला. ती म्हनली, तुमच्याकडं म्हैस कुठं हाय? तितंच मी खाली बसले, पदर तोंडात कोंबला.

अंबाजोगाईला तिनंच नेलं. डाक्तरीनबाई म्हनली, उशीर केला, वरचं कातडं तर तुमीच जाळलं, ते भरल्याबिगर कापता येत न्हाई, कावून लपवलं? शाहीन भाइर बाकड्यावर रडायली, म्हनती, मी तुमच्यापुढं ताटलीचं बोलायलाच नको व्हतं. तिनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ऐकलं न्हाई मी, आन् रडती ती. मालक एवढंच म्हनले, मला सांगायची बी लाज वाटली व्हय गं. ते अजून टोचतं.

आता डावी बाजू सपाट हाय. औषधानं केस गेले, परत आले. यंदा उसाला गेले न्हाई. शाहीनचं काम चालूच हाय, अजून हाती काही न्हाई म्हनती, मी पाला तोडून देते. तिच्या हाताला यश येऊ दे, लेकीबाळींच्या कामाला येऊ दे.

पर गावानं काय धरलं, तर हिनं पाला लावला आन् ही जगली. दवाखान्याचं नाव कुनी घेत न्हाई. परवा शेजारची सून आली, खाली मान घालून म्हनली, थोडा पाला द्या. म्हनलं कशाला गं, तर तिनं पदर छातीशी आवळून धरला. मी दार लावलं, पदर काढला, झंपरच्या गुंड्या सोडल्या. लाजनं कान तापले ताई, आता सांगताना बी तापायलेत. पर म्हनलं, बघ. हे पाल्यानं न्हाई, कापून बरं झालंय. आता तुजं दाखव.