एमसीआर

देवराव : थांबा ना वकीलबाई! जजसाहेबाले परत सांगा, सहदेवले जेलात नका धाडू. पोलीस ठाण्यातच राहू द्या त्याले.

अ‍ॅड. माधवी : काका, हळू बोला, कोर्ट चालू आहे. चार दिवसांची पोलीस कोठडी संपली. आता एमसीआर झाला, ते चांगलंच आहे.

देवराव : चांगलं? बाप्पा! माह्या पोराले जेलात घालून राह्यले अन् तुमी चांगलं म्हंता!

माधवी : एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. पोलिसांची चौकशी संपली. म्हणून तर आता जामिनाचा अर्ज देता आला. दिलासुद्धा मी.

देवराव : अन् म्या त साहेबापुढं हात जोडून म्हनलं, पीसीआरच द्या म्हनून!

माधवी : तेच तर! आरोपीच्या बापानं पोलीस कोठडी मागितलेली पहिल्यांदाच पाहिली. काहून पण, काका?

देवराव : ठाणं घराजवळ हाय. डबा नेता येते.

माधवी : डबा तुम्ही नेता? तुमची शकुन तर म्हणाली, बाबा त्याचं नाव काढू देत नाहीत.

देवराव : खरं हाय थे. माह्या सख्ख्या भावाचं पोरगं मनोज. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीपायी यानं फावड्याच्या दांड्यानं डोक्सं फोडलं त्याचं. झेंडूच्या वाफ्यात रक्त पडलं, बाई. घरी सांगून टाकलं म्या, मले पोरगा नाही.

माधवी : आणि डबा?

देवराव : शिपायापाशी ठेवतो, वापस येतो. बोलत नाही. भाकरीबिगर पोट भरत नाही त्याचं.

माधवी : मनोजला दवाखान्यातून सुटी झाली, हे अर्जात लिहिलंय. उद्या सरकारी वकिलांचं म्हणणं येईल, मग ऑर्डर. पण जामीनदार लागेल.

देवराव : गावात कोनी उभं राहत नाही. समदे मनोजकडून. अन् बरोबरच हाय त्यायचं.

माधवी : जामीनदाराला घरटॅक्सची पावती लागते. तुमच्या घराची कुणाच्या नावानं?

देवराव : माह्या.

माधवी : मग तुम्हीच राहा. विचार करा मात्र. तो तारखेला आला नाही, तर कोर्ट तुम्हाला धरेल. अन् मनोजच्या वाटेला गेला, तर जामीनच रद्द होईल.

देवराव : गेला तं म्याच त्याले अथी आनून बसवीन. काढा कागद.

माधवी : (लिहीत) नाव देवराव... वय?

देवराव : अडुसष्ट.

माधवी : आरोपीशी नातं? ...काका? रिकामं ठेवता येत नाही.

देवराव : बाप लिवा, बाई. ठसठशीत लिवजा.